गुलनारच्या मागे टाकलेलं पाणी

उस्ता ऐनुल्लाने इराणातल्या शिराझमध्ये जन्मभर गिलावे केले. भिंतीवर हात फिरवला की त्याला उंचवटा कळायचा, आणि कळला की तो खरवडून काढायचा. मालक ‘राहू द्या’ म्हणाला तरी.

बायको गेल्यावर घरात तो आणि लेक गुलनार. तळघरात गुलनारचा बँड. ती गायची, पेजमान गिटार वाजवायचा. बाईने एकटीने गायचं म्हणजे पोलीस दारात. म्हणून उस्तानेच तळघराला जाड गिलावा चढवला. आवाज गल्लीत गेला नाही. गाणी मात्र त्याला पटली नाहीत. नव्या अल्बममधलं प्रत्येक माणूस कुठेतरी निघालेलं. कुणी बसने, कुणी डोंगरातून, कुणी बोटीने.

"तुमच्या गाण्यांत एकालाही घर नाही का रे?"

"आहे ना, उस्ता," पेजमान म्हणाला. "तुम्ही गिलावा केलाय. वाळेपर्यंत बाहेर राहतोय."

एका सकाळी गुलनार पाण्याचं भांडं घेऊन आली. शेवटच्या गाण्याला तिला आवाज हवा होता, निघालेल्याच्या मागे पाणी टाकतात त्याचा. जाणारा सुखरूप परत यावा म्हणून टाकायचं. घरात हे काम आईचं होतं.

"कुणाच्या मागे टाकू? जातंय कोण?"

"समजा, मी."

"मग पाठ फिरव. चालायला लाग."

"बाबा, मग माईक कोण धरणार? टाका ना!"

ती त्याच्याकडे तोंड करून दारात उभी राहिली. त्याने टाकलं. तिने पुन्हा टाकायला लावलं, परत पुन्हा.

"एवढ्या पाण्यात माझा एका खोलीचा गिलावा झाला असता," तो कुरकुरला.

ती हसली नाही.

त्याच आठवड्यात तो बाजारातून आला, तर गुलनार घरात नव्हती. पेजमान पायरीवर बसला होता.

"तुर्कस्तानात गेली, उस्ता. सांगितलं असतं तर तुम्ही सोडलं नसतं."

"ते मी ठरवलं असतं. निदान पाणी टाकलं असतं."

"टाकलंत की. मी ऐकलंय."

"त्याला टाकणं म्हणत नाहीत, गाढवा! जाणाऱ्याच्या पाठीमागे टाकायचं असतं. ती माझ्याकडे बघत उभी होती."

अल्बम परदेशात निघाला, तिच्या नावाने, तिच्या उघड्या आवाजात. आता ती परतली तर विमानतळावरच धरतील, हे गल्लीतल्या भाजीवाल्यालाही कळत होतं. पेजमानने घरी येऊन आपल्या फोनवर उस्ताला सगळी गाणी ऐकवली. शेवटचं उस्ताने पुन्हा लावायला सांगितलं. संध्याकाळी तिचाच फोन आला; पेजमानने स्पीकर लावला.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"शेवटचं?"

"स्वच्छ आलंय."

मग तिने हळूच विचारलं, "बाबा, ते पाणी चालेल ना? मला लागू पडेल?"

पेजमान उस्ताकडे बघत राहिला. या माणसाने कच्चं काम कधी चालवून घेतलं नव्हतं, स्वतःचं तर नाहीच.

"चालेल," उस्ता म्हणाला. "जेवलीस का?"