शिरा पाठीवर असतात

त्याच्या पायाला कायम भिंगरी, म्हणून बाजारात त्याचं नावच भिंगरी पडलं. जेवता जेवता उठायचा, बोलता बोलता निघून जायचा. स्थिरावायचा तो फक्त रुळांच्या यंत्रापाशी. तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर झाडाचं खरं पान ठेवायचं आणि दोन्ही मिळून दोन रुळांमधून दाबून काढायचं, की पानाची शीर न् शीर पत्र्यात उतरते. मग ते कडेने कापायचं, दोरा ओवायचा. सुट्ट्या आल्या की लोक ही पानं खिडक्यांत टांगतात. खऱ्या पानाचा मात्र चोथा होतो. एका पानाचा ठसा एकच, म्हणून निवडीला सगळं महत्त्व. पानं निवडून पत्र्यावर मांडायचं काम बायकोचं.

यंदा ऐन हंगामात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन सांगितलं, "फार आशा धरू नका. उजेड-अंधार कळेल, तेवढंच. त्यांना तुम्हीच सांगा." उद्या पट्टी निघणार होती आणि याच्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता. तीन दिवस तो घरभर येरझाऱ्या घालत होता. स्वतःचीच चीड येत होती त्याला.

शेवटी तो कामाला भिडला. पानं स्वतःच मांडली, तीस पत्रे काढले. एकावरही धड शीर नाही! त्याने तांब्याला शिव्या घातल्या, तांबं विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आरडाओरडा ऐकून बायको भिंत चाचपत आली. तिने एक पत्रा बोटांखाली धरला.

"अहो, पानाची तुकतुकीत बाजू तांब्याकडे केलीत ना? शिरा पाठीवर असतात. वीस वर्षं रूळ फिरवताय, एवढं ठाऊक नाही?"

टोपलीतलं एक पान घेऊन तिने त्यावर अंगठा फिरवला आणि टाकून दिलं. दुसरंही टाकलं. तिसरं बरोबर पत्र्यावर ठेवलं. पट्टी डोळ्यांवर तशीच.

भिंगरीला राहवेना. "अगं, डॉक्टर म्हणाले..."

"कळलंय मला. तीन दिवस मी न सांगता भांडी घासताय, तेव्हाच कळलं."

"पण आता पानं..."

"दोन वर्षं हातानंच निवडतेय. बारीक काही दिसतच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कितीदा बोलायला घेतलं. तोवर तुम्ही दाराबाहेर."

ती पुढच्या पानाकडे वळली. भिंगरीला आठवलं. या दोन वर्षांत एखादं पान जरा फाटकं निघालं की तो तिच्यावर खेकसायचा, "डोळे उघडे ठेवून निवडत जा."