तायडे सर आणि गडाचा पायथा

चार मास्तर एकत्र बसले की किस्से निघतातच. एकाचा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू! बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेचे किस्से सांगताना मात्र मला आधी हसू येतं आणि मग डोकं तापतं. त्यातही गडाच्या सहलीचे. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाचे.

वार्षिक परीक्षेच्या आधी आम्ही पोरांना ट्रकमध्ये भरून सातपुड्यातल्या गडावर न्यायचो. वर बारमाही पाण्याचं दगडी टाकं. तिथंच स्वयंपाक, तिथंच पंगत. आणि दर सहलीला एक मास्तर पायथ्याशी ट्रकजवळ थांबायचे. तायडे सर. इतिहास शिकवायचे!

पहिल्या वर्षी हेडमास्तर म्हणाले, "तायडे, ट्रककडं ध्यान ठेवा. लय चोऱ्या होऊन राह्यल्या इकडं."

ट्रकमध्ये होतं काय? एक स्टेपनी आणि झोपलेला ड्रायव्हर!

*

दुसऱ्या वर्षी हेडमास्तरांना सरांचा गुडघा आठवला. "दुखते ना तुमचा?"

"न्हाई सर. मी तं रोज खेड्यावरून शाळेत पायी येतो."

"म्हनूनच म्हनतो, जपा त्याले!"

सगळा स्टाफ हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

*

तिसऱ्या वर्षी मीच मध्ये पडलो. मी पीटीचा मास्तर. म्हटलं, "या साली मी थांबतो खाली. इतिहासवाल्याले जाऊ द्या वर."

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुमाले समजत कसं न्हाई मास्तर? वर टाकं हाय. पोरांचे मायबाप काय म्हनतील? मले सोताले काही न्हाई बरं!"

तायडे सरांच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावाला मात्र त्यांची जुनी जातच तोंडपाठ होती.

त्याच दुपारी टाक्याच्या काठावर उभं राहून हेडमास्तरांनी भाषण ठोकलं, "पोरांनो, आता आपलं राज्य आलं. आता सगळे सारखे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

*

वर्गात तायडे सर फळ्यावर गड झकास काढायचे. दरवाजा, बुरूज, टाकं, सगळं पुस्तकावरून.

एका पोरीनं विचारलं, "सर, तुमी वर जाऊन पाह्यला काय हो?"

"न्हाई वं. मी खालूनच पाहतो. खालून लय मोठा दिसते!"

वर्ग खिदळला. सर पाठ फिरवून फळा पुसायला लागले.

*

आणि हा किस्सा चौथ्या वर्षाचा. टाक्यावर पोचलो, तर पाण्यात वानर मरून फुगलेलं! स्वयंपाक गेला, प्यायलाही थेंब नाही. उन्हानं पोरं रडकुंडीला आली. तसेच उतरलो.

खाली तायडे सरांनी नाल्याच्या वाळूत झिरा उकरला होता आणि पाणी गाळून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. दिवसभर दुसरं काम काय होतं त्यांना! पोरं बादल्यांवर तुटून पडली. पाणी कोणाच्या हातचं, हे कोणी विचारलं नाही.

हेडमास्तरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग उकिडवे बसले आणि ओंजळ पुढे केली. तायडे सरांनी तांब्यानं वरून धार धरली. हेडमास्तर घटाघटा प्यायले, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायले.

मग मिशा पुसत उठले आणि म्हणाले, "तायडे, तुमी खाली होते म्हनून आज जीव वाचले बरं! पुढच्या साली बी तुमीच थांबा!"