पाण्याचा ग्लास

महापालिकेच्या सभागृहातला तो शिपाई म्हणजे बिनआवाजाचा सूत्रधार. नगरसेवकाचं भाषण लांबलं, की हा राजदूताच्या थाटात जाऊन त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवतो. वक्ता घोट घ्यायला थांबतो आणि महापौर लगेच पुढचं नाव पुकारतात. पत्रकारांच्या बाकावरून मी हे वर्षानुवर्षं पाहतोय.

परवा जलद बसमार्गावर वाद पेटला. मार्ग झाला तर सात रस्ता चौकातले गाडे उठणार, त्यात या शिपायाच्या बायकोचा भज्यांचा गाडाही. गाडेवाल्यांसाठी एक नगरसेवक तळमळून बोलत होते. यानं नेमका त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. घोटभर पाण्यानंतर मतदान झालं, मार्ग मंजूर.

बाहेर मी म्हणालो, "अहो, ते तुमच्याच बाजूनं बोलत होते की."

"व्हय साहेब. पण गाड्याला चाकं हायती, ढकलत नेऊ कुटंबी. बस काय मला ढकलून आमच्या वस्तीपतुर आणता येती व्हय?"