‘एल्गार’ नावाचं बटण

आमच्या संघटनेच्या मोबाइल ॲपमध्ये पाण्याची नवी सोय आली. टँकर आला नाही की बटण दाबायचं, तक्रार आमच्याकडं यायची आणि आम्ही पाठपुरावा करून टँकर आणवायचो. बटणाचं नाव मी ठेवलं. मोर्चाची पत्रकं लिहून माझा हात बसलेला, म्हणून लिहिलं, ‘एल्गार’. बैठकीत टाळ्या पडल्या.

मुकुंदवाडीत आमच्या शेजारच्या मावशींकडं तीन दिवस टँकर आला नाही. त्यांच्या फोनमध्ये ॲप मीच टाकून दिलं होतं. पलीकडच्या गल्लीतून हंडा आणताना त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात मी चिडूनच विचारलं, "मावशी, बटण का नाही दाबलं?"

"ते व्हय? मला वाटलं, मोर्चाचं हाय. माझे गुडघे लई दुखत्यात, मोर्चाला कुठं येऊ?"

"मग काय लिहायला पाहिजे होतं?"

"टँकर आला नाय, असं लिव्हायचं की. तू तर शिकलेला."

सरकारी कागदांतली न कळणारी भाषा मी पत्रकांतून झोडपत आलो होतो. त्याच दुपारी मी बटणाचं नाव बदललं. मावशी अजून उठलेल्या नाहीत. टँकर आला नाही की खाटेवरून बटण मात्र न चुकता दाबतात.