खराट्याचा दांडा

भाऊंनी माझ्या हातात खराटा दिला. अंगण झाडायचा, लांब बांबूच्या दांड्याचा.

"लाकूडच पायजे न तुले? हे घे. तुहा व्यायामबी होते अन् जागाबी साफ होते."

आरशापुढची पोरं हसली. एक तर दंड फुगवता फुगवताच हसला.

घाटंजीतली ही जिम भाऊंची. लोखंड त्यांचं, पोरंही त्यांच्याच नात्यागोत्यातली. बौद्धपुऱ्यातून येणारी मी एकटी. वजन उचलण्यात जिल्ह्याचं पदक आणलेली. तरी सराव संपला की सगळे पिशव्या उचलून निघत आणि मी झाडायला फडा उचलत असे. कुणी सांगितलं नव्हतं. ठरलेलंच होतं. मलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो.

पाठ गेली ती मागच्या पोळ्याला. भाऊंकडे पाहुणे आले होते, त्यांना पोरीची ताकद दाखवायची होती. माझी कंबर सकाळपासून धरलेली. तसं सांगितलं.

"पाहुण्याइसमोर नाही म्हनतं का वं?"

भाऊंनी उचलायच्या दांड्यावर आणखी लोखंड चढवलं. मी उचललं. कंबरेत कडकन काहीतरी झालं आणि उजव्या पायात आग उतरली. टाळ्या तेव्हाही वाजत होत्या. घरी सोडायला कुणी आलं नाही.

पुढे माय मला धरून संडासला नेत होती. जवान पोरगी, मायच्या खांद्यावर. दिवसभर कापूस वेचून तिचीच पाठ मोडलेली असायची, तरी चोळायची माझी.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पुन्हा उचलशील, पण तळापासून. आधी नुसतं चालणं. मग पाठीला काठी लावून वाकायचं. डोकं, पाठ, माकडहाड काठीला टेकलेलं. वाक कंबरेतून नाही, खुब्यातून. ते साधलं की रिकामा दांडा, मग थोडं थोडं लोखंड.

"दुखणं पायात उतरलं की तिथंच थांबायचं. समोर कुणी का असेना."

समोर कुणी का असेना! असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून चालणं जमल्यावर, त्या दिवशी मी जिममध्ये काठी मागितली. मिळाला खराटा.

खराटा भाऊंच्या खुर्चीला टेकवून ठेवला.

"मी झाडनार नाही, भाऊ. आजपासून नाही."

"मंग आली कायले?"

"उचलाले."

"उचल मंग!" त्यांनी भरलेल्या दांड्याकडे बोट केलं.

"तुमी सांगान तेवढं नाही. माही पाठ सांगन तेवढं."

भाऊंनी मला हाकललं नाही. हाकलणार कसे? दारावरच्या फ्लेक्सवर अजून माझाच फोटो होता, पदकासकट.

दुसऱ्या दिवशी घरची काठी घेऊन गेले. मायची, वावरात साप हुसकायची. आरशासमोर, सगळ्यांच्या मधोमध ती पाठीला लावली आणि वाकले. खुब्यातून. पोरं पुन्हा फिदीफिदी हसायला लागली. हसू देत.

लोखंड मी उचलीनच, पाठ हो म्हणेल त्या दिवशी. तो खराटा मात्र कोपऱ्यात सडला तरी त्याला माझा हात लागणार नाही.