उभी राणी

लुगडं नेसून तयार झाल्यावर राणीबाई बसलेल्या आम्ही कुणी पाहिल्या नाहीत. खेळ संपेपर्यंत उभ्या. आमच्या नाटक कंपनीत राणीचं काम त्यांचंच, म्हणून राणीबाई. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट.

मी पडदा ओढायचो. चौथीत शाळा सोडली, पण माझा पडदा कधी अडकला नाही, हे आजही कुणालाही सांगतो.

एकदा राणीच्या सखीचं काम करणारी पोरगी नटूनथटून कपड्यांच्या पेटीवर टेकली. राणीबाई म्हणाल्या, "ऊठ गं. भाजी इकायला बसलीस व्हय? निऱ्या मोडलेली राणी न् तिची सखी कुणाला पटंल?"

सोनारीच्या जत्रेत बायका त्यांची ओटी भरायला आल्या, पाट मांडला. "खेळ झाल्यावर बसते, माय," म्हणाल्या. बायका नारळ घेऊन शेवटपर्यंत थांबल्या.

मग राणीबाईंचे गुडघे सुजायला लागले. मालकानं दुसऱ्या एका तरण्या बाईकडून राणीचं काम पाठ करून घेतलं. राणीबाईंना ते कळलं होतं. नळदुर्गला खेळाआधी मला हळूच म्हणाल्या, "बापू, पडद्याआड एक स्टूल ठेव. मधी मधी टेकते जरा."

"राणी बसत न्हाय. तुमीच म्हणता."

"म्हणते व्हय," एवढंच बोलल्या.

मालकानं बघितलं तर त्यांचं काम जाईल, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या बसलेल्या बघवल्या नसत्या. स्टूल ठेवलं नाहीच, तिथली पेटीसुद्धा हलवली.

तिसऱ्या अंकात त्यांचा गुडघा दुमडला. भर रंगमंचावर बसल्या, उठता येईना. मी पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी राणीचं काम त्या तरण्या बाईला गेलं. तिच्यासाठी पडद्याआड स्टूल मालकानं स्वतः आणून ठेवलं.

येडशीच्या स्टेशनावर राणीबाईंना सोडायला मीच गेलो. बाकडं रिकामं होतं. "बसा," म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता म्हणतोस व्हय, बापू." निऱ्या सारख्या केल्या आणि गाडी येईपर्यंत उभ्या राहिल्या. चढताना मी हात पुढं केला, तो घेतला नाही.

आता माझेही गुडघे गेले. दारात स्टूल टाकून दिवस काढतो. कुणी बाईमाणूस उभं दिसलं की उठतो, स्टूल तिच्याकडं सरकवतो. बसा म्हणायला मात्र जीभ उचलत नाही.