शकूचे जर्मन रंग

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या बसस्टँडवर धाराशिवच्या गाडीची वाट बघत होते. तिचा दीर बोलत होता, "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच वहिनी..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. गाडी लागली, लोक चढले, गाडी गेलीसुद्धा. मी आपली उभीच. याला आता काही आठवडे झाले, पण जीव थाऱ्यावर नाही. पोळ्या लाटता लाटता गॅस बंद करून अंगणात येते, अंगणात आले की आत काहीतरी राहिलंय असं वाटतं. लिहायला बसलं तर निदान हात तरी एका जागी राहतील, म्हणून बसले आहे.

शकू माझी शेजारीण. माहेर तेरचं, लग्न होऊन कळंबला आली. घरी मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. धीर नावाची चीज तिच्याकडं नव्हतीच. दोरा तुटला की मशीनशी भांडायची, गिऱ्हाईक उशिरा आलं की गिऱ्हाइकाशी. नवरा होता तोवर मात्र घरातून तिचा आवाज येत नसे. तो हात उचलायचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो वारला आणि शकूला तोंड फुटलं, ते पुन्हा कुणाला मिटवता आलं नाही.

एकुलता एक मुलगा नितीन जर्मनीत नोकरीला गेला आणि त्यानं तिथल्याच लेनाशी लग्न केलं. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल व्हायचा. सासू मराठीत बोलायची, सून जर्मनमध्ये, आणि नितीन मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगायचा. एक दिवस शकू माझ्या दारात येऊन म्हणाली, "तू मास्तरीण होतीस नव्हं? मला जर्मन शिकव." मी जन्मभर हिंदी शिकवलं, जर्मनचा आणि माझा काय संबंध! पण शकूला नाही म्हणून बघायची कुणाची छाती? दुपारी मोबाईलवर धडे लावून आम्ही दोघी बसायला लागलो.

सुरुवातीलाच कोण कुठल्या देशाचं ते सांगणारी विशेषणं होती, त्यामागून रंग. इंडिश, दॉइच, टुर्किश... रोट, ब्लाउ, ग्र्यून, गेल्ब. शकू म्हणाली, "हे तर सोयरिकीवानीच झालं की! आधी कुठली हाय ते इचारायचं, मग रंगानं कशी हाय ते." मी हसून हसून बेजार. 'रोट' म्हणजे लाल, यावर तर तिचं समाधानच होईना. "लाल म्हंजी कंचा? कुंकवासारखा, डाळिंबी, का मरून? एकाच रिळानं सगळ्या साड्या शिवतेत व्हय ही माणसं?" तरी 'माझी खोली निळी, तुझी खोली हिरवी' असं म्हणत रंग तिनं भराभर पाठ केले, आणि पुढच्या धड्यासाठी माझा जीव खायला लागली.

"दुखतंय का, हे कसं इचारतेत?" ती सारखी विचारायची. तो धडा लांब आहे म्हटलं की चिडायची, "येवढी गरजेची गोष्ट लांब कशाला ठिवली?" शेवटी मीच वैतागले. म्हटलं, "घाई कसली गं? सांगायला नितीन आहे की मध्ये."

"त्यालाच तर मधून काढायचाय."

मग तिनं सांगितलं. कॉल चालू असताना लेनाच्या दंडावर तिला निळा वळ दिसला होता. काय झालं म्हणून विचारलं, तर नितीन म्हणाला, दार लागलं. शकूनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि म्हणाली, "मलाबी दारच लागायचं, बाई..." त्या दिवशी धडा झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मीही तिच्याइतकीच घाई करायला लागले. तरी त्या धड्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

शकू गेल्यावर नितीन एकटाच आला. आईच्या उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. दहाव्याच्या दिवशी माणसांनी भरलेल्या घरात त्यानं मला विचारलं, "काकू, आईनं या वयात जर्मन कशाला काढलं होतं हो?"

"तुझ्या घरातल्या दारासाठी," मी म्हणाले.

त्याची मान खाली गेली. परत जाईपर्यंत तो माझ्यासमोर आला नाही. मी बोलून मोकळी झाले खरी, पण त्याचं विमान उडालं आणि मला भलतंच सुचायला लागलं. मी इथं चारचौघांत बोलले, आणि त्याचा राग हा तिकडं त्या पोरीवर काढणार! शकूच्या दिराकडून लेनाचा नंबर घेतला. फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, नाहीच. जेवण जाईना, झोप लागेना.

रविवारी तिचाच व्हिडिओ कॉल आला. मागची भिंत अनोळखी होती, पिवळीजर्द. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेल्ब!" ती हसली. तिनं फोन सगळीकडं फिरवून दाखवला... एक गादी, एक खिडकी, जमिनीवर कप. मी भीत भीत विचारलं, "नितीन?" तिनं मान हलवली, नाही. मग ती मोबाईलमधल्या अनुवादाच्या ॲपसमोर बराच वेळ बोलली, आणि त्यानं आपल्या कोरड्या मराठीत वाचून दाखवलं:

"शेवटच्या रविवारी नितीन पाणी आणायला उठला. आईने मला पटकन जर्मनमध्ये विचारले, तुझी खोली, कोणता रंग? मला वाटले त्या चुकल्या. माझी वेगळी खोली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि पुन्हा म्हणाल्या, तुझी. मी म्हणाले, पिवळा. नितीन तुमच्याकडे होता तेव्हा मी ही खोली घेतली."

आम्ही दोघी दुखण्याचा धडा शोधत बसलो होतो, आणि या बाईनं येत होते तेवढ्याच शब्दांत सुनेला घराबाहेर काढलं होतं. मला न सांगता! शकू गेल्यापासून मला रडू फुटलं नव्हतं. त्या पिवळ्या भिंतीसमोर फुटलं, आणि मी रडून शांत होईपर्यंत लेनानं फोन बंद केला नाही.